कपाटावरचा वरवंटा

टिपणीस मास्तर शाळेत कुणालाच नावाने हाक मारत नसत. जो जे शिकवी तेच त्याचं नाव. मी मराठी होतो. इतिहास आणि भूगोल एकच गृहस्थ शिकवत. त्यांना मास्तर नुसतं भूगोल म्हणत, कारण इतिहास ते फक्त वाचून दाखवत. संस्कृतचे शास्त्रीबुवा रजेवर असले की मास्तर शिक्षकांच्या खोलीत येऊन सांगत, "आज संस्कृत नाही," आणि तेही अशा कोरड्या आवाजात की नव्या माणसाला वाटावं, भाषाच संपली. स्वतः ते शास्त्र शिकवत, पण त्यांना तसं म्हणण्याचं धाडस कुणी केलं नाही. शाळेत मास्तर बावीस होते. नुसतं मास्तर म्हटलं की मात्र तेच.

आमची शाळा कल्याणात, पारनाक्याजवळ. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. विठ्ठलवाडीच्या बाजूला निर्वासितांची छावणी वसली होती, खाडीपलीकडच्या गावांतली मुलंही शिकायला येऊ लागली होती. मुलं वाढली, खोल्या तेवढ्याच राहिल्या. म्हणून मोठ्या खोल्यांत लाकडी फळ्यांच्या भिंती घालून एकाचे दोन वर्ग केले. मास्तरांचा सातवीचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामध्ये अशीच एक भिंत होती आणि तिला बोटबोट फटी होत्या. पाच वर्षं मी त्या खोलीत मराठी शिकवलं आणि शास्त्र ऐकलं. माझ्या विद्यार्थ्यांचंही तेच झालं. त्यांना शास्त्रात मार्क बरे पडत.

उंच, सडसडीत माणूस. काळा कोट, त्याच्या उजव्या खिशात खडूचे तुकडे आणि डाव्या खिशात एक दोऱ्याचं रीळ, जे कशासाठी होतं ते कधी कळलं नाही. वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. जिना चढून आले की शेवटच्या पायरीवर थांबून ते श्वास घेत आणि स्वतःशीच म्हणत, "इतकं वर आणलं. आता काहीतरी करायला हवं." रोज. एखादा मंत्र म्हणावा तसं नव्हे; हमालाने ओझं टेकवताना म्हणावं तसं.

उपमा त्यांना खपत नसे. फळ्यांच्या भिंतीमुळे माझा कवितेचा तासही त्यांच्या कानावर जाई. एकदा मी मन पाखरासारखं उडतं असं काहीतरी समजावत होतो. मधल्या सुटीत मास्तर म्हणाले, "मराठी, पाखराचं वजन किती धरलंत?"

"अहो, ती उपमा आहे."

"असेल. पण उडायला वजन लागतं."

त्यांच्या घरचं कुणाला फारसं माहीत नव्हतं. बायको होती, युद्धाच्या दिवसांत गेली, एवढंच. मूलबाळ नाही. काळ्या तलावाकडे एका चाळीत खोली. दुपारचं जेवण अंबूताईंच्या खानावळीत. मीही तेव्हा तिथेच जेवत असे, म्हणून त्यांची एक सवय मला ठाऊक झाली. ताट वाढलं की मास्तर आधी चटणीला बोट लावत, बोट जिभेला लावत, आणि मग ती चटणी ताटाच्या कडेला सरकवून ठेवत. रोज. नको असं आधी कधी सांगत नसत. वाढू देत, चाखत आणि बाजूला ठेवत.

"मास्तर, पाट्यावरची आहे हो," अंबूताई एकदा चिडून म्हणाल्या. "आणखी काय करू, सोन्याच्या पाट्यावर वाटू?"

"नाही. चांगली आहे."

"मग खाल्ली का नाहीत?"

मास्तरांनी आमटीचा भुरका मारला. तो त्यांचा विषय संपवण्याचा प्रकार होता.

एका दिवाळीत आग्रह करून मी त्यांना घरी फराळाला नेलं. ते आले, खुर्चीच्या कडेवर बसले, एक चकली खाल्ली. आईने ओल्या खोबऱ्याची चटणी वाढली. तीही त्यांनी बोटाने चाखली. या वेळी जरा थांबले. म्हणाले, "जवळ आली होती." आईला वाटलं ही स्तुती असावी, तिने आणखी वाढली. ती तशीच राहिली. गेल्यावर आई म्हणाली, "तुझे मास्तर कशाच्या जवळ म्हणत होते रे?" मला तेव्हा सांगता आलं नाही.

आता वरवंट्याचं.

शास्त्राची प्रयोगशाळा आमच्याकडे नव्हती. एक कपाट होतं. त्यात दोन परीक्षानळ्या, एक तडकलेलं भिंग, एक लोहचुंबक आणि एक उंदराचा सापळा. सापळा स्प्रिंगमध्ये साठवलेली शक्ती दाखवायला होता आणि उरलेल्या वेळी उंदरांनाही तीच दाखवत असे. आमच्या पुस्तकात तेव्हा शक्तीच म्हणत. ऊर्जा हा शब्द मागून आला. स्थितिज शक्ती आणि गतिज शक्ती असा बारा पानांचा धडा होता. इतर शाळांत तो आठवड्यात संपे. मास्तरांना जूनपासून मार्चपर्यंत लागे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते टेबलावर एक काळा वरवंटा ठेवत. वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेला, मधे किंचित बारीक.

"हे काय?"

"वरवंटा." वर्गात हशा.

"काय करतो?"

"वाटतो, सर."

"आत्ता काय करतोय?"

"काय नाय. बसलाय."

मग मास्तर दोन्ही हातांनी तो उचलत, टाचा उंच करत आणि कपाटाच्या माथ्यावर नेऊन ठेवत. हात खाली आल्यावर क्षणभर तसेच उभे राहत. "मी दमलो. आता सांगा, जे मी खर्च केलं ते गेलं कुठे?"

कुणी म्हणे हवेत, कुणी घामात. शेवटच्या वर्षी त्या वर्गात यमुना नावाची एक मुलगी होती, खाडीपलीकडच्या गावातली. ती म्हणाली, "सर, दगडात गेला."

"दिसतंय का तुला?"

"नाय."

"मग कशावरून?"

"पडला तं कलंल."

"बस खाली. मार्चमध्ये कळेल."

आणि वरवंटा खरोखरच नऊ महिने वर राही. सगळी खुबी त्यातच होती. मुलं व्याकरण गिरवताना, गणितं करताना अधूनमधून वर बघत. एकाने सहामाहीनंतर विचारलं, "सर, आता कमी झाली असेल ना शक्ती? किती दिवस झाले."

"दूध आहे का नासायला?" मास्तर म्हणाले. "उचललेलं वाया जात नाही."

हे त्यांचं आवडतं वाक्य. भिंतीपलीकडून मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की माझ्या वर्गातल्या एका मुलाने श्रमाचं महत्त्व या निबंधात ते माझं म्हणून घातलं.

मार्चमध्ये, परीक्षेआधीच्या शनिवारी, मास्तर एक सागवानी फळी काढत. तिच्यात ओळीने खिळे होते, दर वर्षाचा एक; खाली शाईने साल. पहिला खिळा स्वातंत्र्यानंतरच्या वर्षातला. नवा खिळा नेमक्या मापाने उभा करत. त्यावर छावणीतल्या एका पत्रेवाल्याकडून करून घेतलेलं, कपाटाइतकं उंच नळकांडं उभं ठेवत, म्हणजे वरवंटा इकडेतिकडे न जाता थेट खिळ्यावर यावा. मग स्टुलावर चढून ते फक्त एका बोटाने वरवंटा कडेकडे सरकवत. उचलत नसत. "उचलायचं जूनमध्ये झालं," असं म्हणत. धाड असा आवाज होई, माझ्या वर्गातल्या दौती हलत. खिळा किती आत गेला ते मुलं मोजत. दर वर्षी तेवढाच. एका रेघेचा फरक नाही. त्या तेवढेपणाचा मास्तरांना जो आनंद होई, तो मी त्यांच्या चेहऱ्यावर इतर कशाने झालेला पाहिला नाही.

आमचा शिपाई बाळाराम मनाने सरळ माणूस होता. मास्तरांनी त्याला बजावलं होतं, "कपाटावरच्या दगडाला हात लावायचा नाही. झाडतानासुद्धा नाही." आणि बाळाराम रोज सकाळी काय पाहत होता? मास्तर वर्गात येत, टोपी काढत, आणि कुणाशी बोलण्याआधी वर कपाटाकडे बघून थोडा वेळ उभे राहत. सुटीच्या दिवशीसुद्धा येऊन वर्गात बसलेले त्याने त्यांना पाहिलं होतं. बाळारामाने जो निष्कर्ष काढला तो शास्त्रीय पद्धतीला धरूनच होता. एके सकाळी कपाटावर जास्वंदीचं फूल दिसलं.

"बाळाराम पूजा करतो तुमच्या वरवंट्याची," शिक्षकांच्या खोलीत भूगोल म्हणाले. "नाव काय हो देवाचं?"

मास्तर वर्तमानपत्र वाचत राहिले. मला त्या वयात उत्तर सुचलं की दिल्यावाचून राहवत नसे. मी म्हणालो, "कपाटेश्वर."

सगळे हसले. मलाही माझं कौतुक वाटलं. आठ दिवसांत ते नाव मुलांच्या तोंडी गेलं आणि मुलांच्या तोंडी गेल्यावर त्यातला विनोद झडून गेला, नुसतं नाव राहिलं. सहामाहीच्या आधी मुलं कपाटाला हात लावून तो कपाळाला लावू लागली. मग शेंदूर आला. तो वरवंटा आहे हे सगळ्यांना दिसत होतं. पण आपल्याकडे देव व्हायला आधीचा धंदा आड येत नाही.

मास्तर कुणावर रागावले नाहीत. दर शनिवारी शाळा सुटल्यावर ते स्टुलावर चढत आणि रॉकेलच्या चिंधीने वरवंटा पुसत. सोमवारपर्यंत शेंदूर परत येई. बाळाराम आणि मास्तर यांच्यात या विषयावर एक शब्दही झाला नाही. एक लावत होता, दुसरा पुसत होता, आणि दोघंही ते सारख्याच काळजीने करत होते.

प्रकरण तात्यासाहेबांपर्यंत गेलं तेव्हा बिघडलं. तात्यासाहेब शाळेचे चिटणीस. पेशाने वकील, स्वभावाने उद्घाटक. पाण्याच्या टाकीचं, सायकलींच्या छपराचं, एकदा तर नुसत्या रंगवलेल्या कुंपणाचंही त्यांनी उद्घाटन केलं होतं. त्यांचा नातू सातवीत दोनदा बसला होता. सहामाहीत तो सगळ्या विषयांत पास झाला. तात्यासाहेब नारळ घेऊन वर्गात आले, चालू तासाला. फटीतून मी ऐकलं, "विज्ञान आणि श्रद्धा यांचा असा संगम आपल्या कल्याणातच होऊ शकतो." मास्तर म्हणाले, "तुमचा नातू गणिताला जूनपासून माझ्या घरी येत होता." तात्यासाहेब म्हणाले, "तेच म्हणतो मी, योग जुळून आला."

त्या मार्चमध्ये मास्तर निवृत्त होणार होते. खाली दाराशी नवा कोनाडा बांधून त्यात वरवंट्याची स्थापना करायची, आणि त्याच समारंभात मास्तरांना निरोप द्यायचा, असं ठरलं. मास्तरांना विचारायचं कुणाला सुचलं नाही. आमंत्रणं छापून आली. ठळक अक्षरांत श्रीकपाटेश्वर स्थापना. खाली बारीक अक्षरांत, तसेच श्री. टिपणीस यांचा निरोप. मास्तरांनी कार्ड डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. "बरोबर आहे. जो वर, त्याच्याकडे जास्त."

हेडमास्तरांनी मग त्यांना बोलावून सांगितलं, यंदा खिळ्याचा प्रयोग दुसऱ्या दगडावर करा. देव खाली आपटला तर लोक शाळेवर येतील. मास्तर म्हणाले, "मुलांनी हा चढताना पाहिलाय. दुसरा कसा पाडू? आणि समारंभाआधी मी तो घरी नेणार आहे."

"घरी? मास्तर, बाजारात असे पन्नास मिळतील. मी आणून देतो तुम्हाला एक."

मास्तर उठून गेले. हेडमास्तरांनी मला बोलावलं. "तुम्ही मराठीचे. तुम्हाला बोलता येतं. समजावा त्यांना."

मी संध्याकाळी काळ्या तलावाकडे गेलो. पाच वर्षांत पहिल्यांदाच. खोली स्वच्छ होती, म्हणजे तिच्यात फारसं काही नव्हतं. एक खाट, एक कंदील, पुस्तकांची फळी. आणि चुलीच्या बाजूला, भिंतीला टेकवून उभा ठेवलेला एक पाटा. धुतलेला, पुसलेला. नुसता पाटा. वरवंटा कुठे दिसेना.

पाठ करून आणलेलं बोलणं मी विसरलो.

"मास्तर, हा पाटा—"

"त्याचाच."



"मग वरवंटा शाळेत कशाला नेलात?"

"इथे नुसता पडून होता. मी उचलत नव्हतो." ते चहाचं आधण ठेवायला उठले आणि पाठमोरे राहूनच बोलले. "हिचा हात असा होता की चटणीला दोन चवी यायच्या. आधी एक, मग मागाहून एक. माझं कोरडं जेवण, तिला आवडायचं नाही. रोज वाटायची. शेवटी शेवटी उचलवत नसे, तरी."

आधणात त्यांनी चहाची पूड टाकली.

"एकदा पाळण्यातही गेलाय तो," मास्तर म्हणाले.

बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला सजवून पाळण्यात घालायची आपली रीत. बाळ त्याच्यासारखं दणकट व्हावं म्हणून, असं माझी आई म्हणे. मास्तरांना मूल नव्हतं असं सगळे समजत होते.

"पाळणा शेजाऱ्यांचा होता," ते म्हणाले. "महिन्याने परत केला."

चहा झाला. मी कप खाली ठेवला. मग म्हणालो, "मास्तर, ते कपाटेश्वर नाव मी दिलं."

"माहीत आहे. वर्तमानपत्र वाचताना कान बंद नसतात. चांगलं आहे नाव."

"मी उद्या जाऊन हेडमास्तरांना सगळं सांगतो. हे कळल्यावर कुणी अडवणार नाही."

ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "नाही सांगायचं. आधी देव केलात. आता हिची समाधी कराल. तात्यासाहेब बोलतील तिच्यावर, मराठी. ते मला ऐकावं लागेल."

मी शब्द दिला. आणि दुसऱ्याच दिवशी तो मोडला, पण एकाच माणसापाशी.

बाळाराम जिन्याखाली बसून घंटेचा दोर वळत होता. त्याने ऐकून घेतलं. हातातला दोर तसाच राहिला. "बायकोचा हाय? मास्तरांचे?" मग कपाळाला हात लावून म्हणाला, "आन् मी त्याला शेंदूर फासतोय वरीसभर. मना कुनी सांगलाच नाय." त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं, त्याला सांगून मी आणखी एक चूक केली.

स्थापना रविवारी होती. आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, घंटेच्या आधी मास्तर जिना चढून आले. मीही त्यांच्या मागोमाग होतो. वर्गाच्या दारात बाळाराम गोणपाटात काहीतरी गुंडाळून उभा होता. त्याने ते टेबलावर सोडलं. दुसरा वरवंटा. मास्तरांच्याहून थोडा आखूड, पण काळा, जुना.

"हे काय?"

"माझे घरचा. ह्यो वर ठेवायचा. तुमचा तुमी न्या."

"आणि तुझ्या घरी वाटणार कशाने?"

"नवा घेतला. बायको बोलली, जुना जड व्हता, बरा झाला गेला तो."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फळ्यावरची कालची तारीख वाचत होतो. "मराठी, तुमच्या पोटात काही राहत नाही," एवढंच ते म्हणाले. मग बाळारामाला, "ही फसवणूक होईल रे."

"कुनाची, देवाची? त्याला ठाव हाय कंचा कुठला. आन् तात्यासाहेबांना वरवंट्यातला काय कलते?"

मास्तर हसले. आवाज आला नाही, पण खांदे हलले. घंटा झाली.

त्या दिवशी मी माझ्या वर्गाला शुद्धलेखन दिलं आणि फटीशी उभा राहिलो. मास्तरांनी फळी काढली, खिळा मापून उभा केला, नळकांडं लावलं. वर्गात चाळीस मुलं, आणि कुणी खोकलंही नाही. त्यांना वाटत होतं मास्तर देव पाडताहेत. मास्तरांनी नेहमीप्रमाणे स्टूल सरकवलं, पण चढले नाहीत.

"यमुना, तू ये. जूनमध्ये तू म्हणाली होतीस, दगडात गेलं म्हणून."

यमुना जागची हलली नाही. "सर, पाप लागंल."

"हा कुणाच्या तरी घरचा वरवंटा आहे. त्याला लसूण-मिरच्या वाटायची सवय आहे. नऊ महिने त्याने काही केलेलं नाही. त्याला बरं वाटेल."

माझ्या ऐकण्यात मास्तरांनी केलेली ही एकुलती एक उपमा. ती उपमा होती की नव्हती, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

यमुना स्टुलावर चढली. आधी वरवंट्याला हात जोडले, मग त्याच हातांनी ढकलला. धाड. माझ्या वर्गात तीन दौती कलंडल्या. नळकांडं काढल्यावर मुलं पट्ट्या घेऊन धावली.

"किती?"

कुणीतरी आकडा सांगितला. मास्तरांनी फळीच्या जुन्या खिळ्यांवरून बोट फिरवलं, एकेका सालावरून. "तेवढंच," ते म्हणाले.

"सर, मग आता शक्ती कुठे गेली?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"खिळ्याला हात लाव."

यमुनेने लावला. "गरम हाये," ती म्हणाली. "थोडासा." मग चाळीस मुलं रांगेने आली आणि एकेकाने त्या खिळ्याच्या डोक्याला बोट लावलं. पहिल्या पाचसहा जणांना तो कोमट लागला असेल. पुढच्यांनी लागला असं सांगितलं. मास्तरांनी त्यांना खोटं पाडलं नाही.

वर्ग सुटल्यावर, मुलं अजून भोवती उभी असतानाच, त्यांनी वरवंटा रॉकेलने पुसला. बारीक छिद्रांत लाल राहिलंच. मग तो कापडी पिशवीत घातला. बाळारामाचा वरवंटा मी कपाटावर चढवला; मास्तरांनी आज कुठल्याच दगडाला वर न्यायला नकार दिला होता.

रविवारी स्थापना थाटात झाली. बाळारामाच्या घरच्या वरवंट्याला हार घातला, त्याच्यासमोर तात्यासाहेब पाऊण तास बोलले, चाळीस मुलांनी ऐकलं आणि चाळीसांपैकी एकही फुटला नाही. माणसांचा समुदाय गुपित ठेवू शकतो यावर माझा विश्वास नव्हता. तो त्या दिवशी थोडा बसला. निरोपाचं भाषण करायला मास्तरांना उभं केलं तेव्हा ते म्हणाले, "सातवीचा धडा पूर्ण झाला आहे. परीक्षेत त्यावर प्रश्न यावा." आणि बसले. शाल त्यांच्या मांडीवर घडीच्या घडी राहिली. बाळाराम दाराशी उभा होता. सगळे नव्या देवाला हात जोडत होते, तेव्हा त्याने मास्तरांकडे बघून जोडले.

त्यानंतर मास्तर शाळेत आले नाहीत. अंबूताईंकडून डबा मागवू लागले. खानावळीतली त्यांची जागा कुणी घेतली ते मी पाहिलं नाही, कारण मीही डोंबिवलीला बिऱ्हाड केलं होतं. दिवाळीच्या सुटीत एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो.

जेवायची वेळ होती. "बसा, मराठी," ते म्हणाले आणि दुसरं ताट घेतलं. डब्यातल्या पोळ्या, भाजी, आमटी. मग पाट्याजवळच्या वाटीतून त्यांनी चटणी वाढली. पाटा आता आडवा होता, ओला होता, त्याच्यावर वरवंटा होता. चटणी लसणाची, भरड. काही ठिकाणी मीठ लागत होतं, काही ठिकाणी नाही.

"मीच वाटतो," ते म्हणाले. "सहा महिने झाले."

त्यांनी चटणीला बोट लावलं. बोट जिभेला लावलं. थांबले. मी नकळत त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी ती ताटाच्या कडेला सरकवली आणि आमटी ओढून घेतली.

"काय कमी पडतं?" मी न राहवून विचारलं.

"कमी काही नाही. पाटा तोच, वरवंटा तोच, जिन्नस तेच. जोरही मी बराच लावला." पोळीचा तुकडा मोडून ते तसेच बसले. "कुठेतरी जातं. कुठे ते कळत नाही."

वाया न जाण्याचं त्यांचंच वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते उपमेसारखं वाटलं असतं, म्हणून गिळलं. माझ्या ताटातली चटणी मात्र मी सगळी खाल्ली. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिखटानेच आलं असं मानायला आम्हा दोघांचीही हरकत नव्हती.

निघालो तेव्हा ते भांडी विसळत होते. गल्लीच्या वळणावर मी मागे पाहिलं. खिडकी उघडी होती, आत कंदील लावलेला. मास्तर पंच्याने वरवंटा पुसत होते, सावकाश, सगळ्या बाजूंनी. मग त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, टाचा उंच केल्या आणि पुस्तकांच्या फळीच्या वर, अगदी भिंतीला लागून ठेवला. हात लगेच काढले नाहीत. तो नीट बसला आहे ना, हलत नाही ना, याची खात्री करत ते तसेच टाचांवर उभे राहिले. मग रिकामे हात खाली आले, आणि मास्तर काही वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.